सासूबाई बसल्या की प्रेशर पडायचं

माझ्या गाडीला सासूबाई चालत नव्हत्या. वाक्य तसं बिनचूक होतं, पण ते मी बायकोसमोर बोललो आणि पुढचं महाभारत झालं.

गाडी सेकंड हँड, पण परदेशी बनावटीची आणि सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही तेवढ्याच जोराने पोचावं लागतं, नाहीतर गाडी रुसते. मीरा रोडच्या शांती नगरात आमच्या बिल्डिंगखाली ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा अख्खी सोसायटी गॅलरीत आली. एवढ्या नजरा! दसऱ्याला मी तिची पूजा केली आणि घोड्याची नाल आणली. पण असल्या गाडीच्या नाकाला नाल बांधायची म्हणजे शेरवानीवर गमबूट (तेवढी अक्कल मला आहे), म्हणून ती मागच्या सीटच्या गादीखाली सारून दिली. नजर काय, सीटखालूनही उतरते.

दिवाळीला सासूबाईंना भाईंदरहून आणायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं दिसतं. त्यामुळे त्या नेहमी माझ्या बरोब्बर मागे बसतात. तिथून माझ्या खांद्यावरून रस्त्यावर आणि गाडीच्या काट्यांवर एकदमच देखरेख होते.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "मिलिंदराव, खाली काहीतरी टोचतंय हो."

"आई, परदेशी सीट आहे. कडकच असते. पाठीला चांगली."

फ्लायओव्हर चढताना गाडीने आचके दिले आणि मान टाकली. मागच्या रिक्षावाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

नया नगरातले आमचे मेकॅनिक इम्रानभाई म्हणाले, पेट्रोलचं प्रेशर पडतंय. त्यांनी फिल्टर बदलला. मग पंप बदलला. मग प्रेशर दाखवणारा काटा काचेला चिकटवून आम्ही दोघे अख्खं मीरा रोड फिरलो. काटा जागचा हलेना. "एकदम मक्खन," इम्रानभाई म्हणाले. पुढच्या रविवारी तेच इम्रानभाई शेजारी, सासूबाई मागे, आणि काटा धाडकन खाली.

इम्रानभाईंनी डोकं खाजवलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहब, बुरा मत मानना. अम्मा बैठती हैं, तभी प्रेशर गिरता है."

मी हे घरी सांगितलं. शास्त्रीय निरीक्षण म्हणून हो!

बायकोने, म्हणजे वैशालीने, भाकरी तव्यावर तशीच सोडली. "म्हणजे माझ्या आईच्या वजनाने तुमची गाडी बंद पडते?"

"वजन म्हटलं का मी? मी एवढंच म्हटलं की त्या बसल्या की..."

"कळलं मला काय म्हटलं ते."

आता शंका फेडायलाच हवी होती. मी तांदळाचं पोतं आणून मागच्या सीटवर बसवलं, वर बेल्टही लावला. (डावीकडे. उजवीकडे सासूबाईंची जागा, तिथे पोतं ठेवायची माझी हिंमत नव्हती.) गाडी झकास पळाली. परत आलो तर गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी. "मिलिंदभाई, इस बोरी को कहाँ घुमाके लाये?" घरी वैशालीने एवढंच ऐकलं की पोतं चाललं, आई नाही चालली.

मग तिने निकालच दिला. "रविवारी उत्तनला माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. ओटी आई भरणार आहे. गाडी वेळेत पोचली तर ठेवा. रस्त्यात बसली तर सोमवारी विका."

कॉलेजात असल्या गाड्यांची चित्रं कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलेला माणूस मी. अर्धं आयुष्य स्कूटरला किक मारण्यात गेलं, आता कुठे ही मिळाली होती.

रविवारी राई गावापर्यंत ठीक गेलो. डोंगरीचा चढ लागला, मी जरा जोर दिला, आणि काटा पडला. गाडी भर उन्हात उभी. रस्त्याकडेला बोंबील वाळत घालणारी बाई म्हणाली, "चालत जा की, लांब न्हाय." वैशालीने फोनवर जुन्या गाड्यांचे भाव बघायला घेतले. ती बोलते तेव्हा बरं असतं.

सासूबाई मात्र फणफणत उतरल्या. "पहिल्या दिवसापासून सांगतेय टोचतंय, टोचतंय. कोणी ऐकेल तर शपथ." पदर खोचून त्यांनी दोन्ही हातांनी सीटची गादी उचकटली.

खाली पेट्रोलच्या पंपाची वायर होती. आणि वायरीवर ऐटीत आडवी पडली होती माझी नाल. सासूबाई बसल्या की गादी दबायची, चढावर त्या आणखी मागे रेलल्या की नाल वायर चेपायची, पंपाची वीज तुटायची. वायरीचं पार भरीत झालं होतं.

सासूबाईंनी नाल उचलून माझ्या हातात ठेवली. "कोणाची नजर उतरवत होतात, जावईबापू? माझी?"

मी खाली मान घालून वायर सरळ केली, चिकटपट्टी गुंडाळली. गाडी सुसाट सुटली. ओटी वेळेवर भरली गेली आणि गाडी घरात राहिली. माझी अब्रू तेवढी उत्तनला राहिली, कारण वैशालीने आल्यागेल्या पाहुण्याला ही हकिकत तिखटमीठ लावून ऐकवली.

त्यानंतर मी शहाणा झालो. परवा हायवेवर गाडी पुन्हा अडखळली, तेव्हा इम्रानभाईंना फोन केला नाही की काट्याकडे पाहिलं नाही. सरळ मागे वळून अदबीने विचारलं, "आई, काही टोचतंय का?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "पेट्रोल संपलंय. तो लाल दिवा मघापासून लागलाय. मला वाटलं, परदेशी गाडीत तो लागतच असेल."