कल्याणच्या खाचरातला निरोगी मेंढा

पुण्याहून गाडीत बसलो तेव्हा देवी टोचायची पेटी मांडीवर होती, आणि घाट उतरेपर्यंत शेजारचे गृहस्थ तिच्यापासून अंग चोरून बसले होते. रोग पेटीतून उडून आपल्या धोतरावर बसेल, अशी त्यांना धास्ती. मीही मग पेटी हळूहळू त्यांच्याकडे सरकवत राहिलो. सरकारी कामाला निघालेल्या माणसाला दुसरी करमणूक ती कोणती?

कल्याणला उतरून डोंबिवलीची वाट धरली. भात कापून झालं होतं आणि खाचरांत (बांध घातलेली भाताची शेतं) नुसती धसकटं उरली होती. अवकाळी पाऊस पडून गेल्यामुळे सखल जागी पाणी साचलं होतं. बांधावरून पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात. एक वहाण तिथेच राहिली. एका म्हाताऱ्या आगऱ्याने (भात आणि मीठ पिकवणारे इथले जुने लोक) मला हात देऊन ओढून काढलं.

"कनचे गावशी आलाव?" त्याने विचारलं.

"पुण्याहून."

"मंग बरोबर," तो म्हणाला आणि पोटभर हसला.

त्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. वाचून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा खाऊन पाहावी, मग बोलावं.

मला टोचायची होती ती धनगरांची पोरं. देशावरचे हे लोक कापणीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि रात्री ती शेतकऱ्यांच्या खाचरांत बसवतात. शेताला खत मिळतं, यांना धान्य. म्हाताऱ्याच्याच शेतात त्यांचा वाडा (मेंढरांचा मुक्काम) होता. वाड्याचा कारभारी राणोजी. त्याने पोरं मुकाट्याने पुढे केली, पण त्याचं चित्त मेंढरांत होतं.

मेंढरांची दशा पाहवत नव्हती. गळ्याखाली पाणी उतरलेलं, शेपटाखाली घाण लडबडलेली. राणोजीने एकीची पापणी उलटून दाखवली. आत रक्ताचा टिपूस नव्हता.

"पोटात जंत झालं," तो म्हणाला. "वल्या गवतानं. रोज दोन-चार मरत्यात."

त्या गर्दीत एक काळा मेंढा मात्र ऐटीत रवंथ करत उभा होता. त्याच कळपात, त्याच गवतावर चरणारा. तो राणोजीच्या विधवा भावजयीचा, सगुणाचा. तिने माहेरून आणलेल्या मेंढीचा तो. त्याची तीन कोकरंही तशीच टणटणीत होती.

पोरं टोचून झाल्यावर सगुणा माझ्याजवळ आली. "दादा, उद्या ह्यो मेंढा देवाला देनार हायती. तुमचं ऐकतील. ह्याचं बियाणं ऱ्हायलं तर कळप ऱ्हाईल. कळपच गेला तर मला हितं कोन ठिवून घेईल?"

त्यांची रीत अशी: कळपात रोग शिरला की ज्याला तो शिवलाच नाही, ते जनावर देवाला द्यायचं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तसाच राणोजीकडे गेलो.

"अहो, कळपात धड असलेलं एकच मोठं जनावर, आणि तेच कापता?"

"मग देवाला मरतुकडं द्यायचं व्हय?" त्याने शांतपणे विचारलं.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, "जंतांना पुरून उरण्याची ताकद त्याच्या अंगातच आहे. ती पिल्लांत उतरते. त्याची तिन्ही कोकरं पाहा, एकालाही काही झालेलं नाही."

राणोजीने कोकरांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान आलं असावं. "खरंच की. म्हंजी म्होरल्या साली देवासाठी शोधाय नको."

सगुणाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मेंढा कापला. आतडी धुवायला सगुणालाच बसवलं. तिने ती उभी चिरून सगळ्यांसमोर धरली. आत नावाला जंत नव्हता. मी मनात म्हटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. राणोजीने हात जोडले. "देवाचंच व्हतं ते," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायला हवं.

जेवायचा आग्रह मोडून मी पेटी उचलली. वाड्यामागून जाताना सगुणा दिसली. एका आजारी मेंढीची पातळ लेंडी ती ओंजळीत घेऊन कोकरांच्या शेपटांना चोपडत होती. मला पाहून थांबली नाही. एवढ्यात राणोजी मला वाटेला लावायला आला आणि कोकरं पाहून थबकला.

"डाक्तर, ही तर धड हायती म्हनला व्हता."

मी एका कोकराची पापणी उलटली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग. अंगठ्याने ती झाकली आणि म्हणालो, "लागण झालीय. तिघांनाही."

राणोजीने कपाळाला हात लावला. सगुणा पाठ वळवून हात धूत होती.

आता पुण्यात बसून हे लिहितो आहे. राणोजीवर राग धरावा, तर त्याने आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं तेच देवाला दिलं. देवावर धरावा, तर तो काही ऐकायला येत नाही. इतकी वर्षं मी दारोदार सांगत फिरलो की धडधाकट असेल तो वाचतो. त्या वाड्यात धडधाकट असेल तो आधी मरतो. सगुणाला आता रोज सगळ्यांच्या आधी उठून ती शेपटं माखावी लागत असतील. ती कोकरं मोठी होऊन त्यांना पिल्लं होईपर्यंत आजारी दिसत राहावीत, एवढंच मी देवाजवळ मागतो.