जावयाच्या दोन ओळी

झाडाला पाणी घालणं हा गुन्हा ठरू शकतो, हे मला कॉम्प्युटरच्या कुठल्याच कोर्सात शिकवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर विश्रांतीला आले आणि वाघोलीच्या पलीकडची त्यांची पेरूची बाग पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आली. शेजारच्या रानांत तोवर प्लॉट आखायला चुन्याच्या फक्क्या मारून झाल्या होत्या. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवलं होतं: यंदाचा बहार साधला तर बाग राहील, नाहीतर आपणही प्लॉट पाडायचे. मला काम एकच होतं.

"जावईबापू, निस्तं बघून यायचं. हात लावायचा न्हाई."

रविवारी गेलो, तर पानं पिवळी पडून गळत होती. माझ्यातला भूतदयावादी जागा झाला. ठिबकचा कॉक फिरवला. दोन ओळी भिजल्या आणि लाइट गेली, पंप थांबला. पुढच्या रविवारी त्या दोन ओळींना पोपटी पालवी! घरी येऊन मी छाती काढून सांगितलं.

हिरव्या चष्म्याआडून मामा बघतच राहिले. "पाणी दिलं व्हय?"

"हो! वाळत होती हो झाडं."

"आवं, ताण दिला हुता त्यास्नी! तहान लागल्याबिगर पेरू फुलत न्हाई."

आत बायको हसायची थांबेना. "हडपसरला कंपनीत रोज ताण घेतोस, तरी ओळखला नाहीस?"

लाइट गेली म्हणून बाकीची बाग वाचली. ती अशी फुलली, की हिवाळ्यात फांद्यांना टेकू द्यावे लागले. ऑफिसातली मंडळी मी मुद्दाम बाग दाखवायला नेली. सगळ्यांनी फोटो काढले ते नेमके माझ्याच दोन ओळींपुढे. "वा! काय हिरवीगार!"

"जावयाच्या ओळी हाईत त्या," मामा म्हणाले. "निस्ता पाला. पेरू तिकडं."

इतकी शोभा होऊनही मी ताठ मानेनं उभा होतो, कारण सकाळीच फक्की मारणारा माणूस 'इथंही प्लॉट पाडायचे का' असं विचारायला आला होता आणि मामांनी त्याला चार पेरू देऊन वाटेला लावलं होतं.

निघताना त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"फुडल्या उन्हाळ्यात ताण तुमीच द्यायचा. आन् दया आली, तर सरळ घरी जायचं."


ती किल्ली अजून माझ्याकडे आहे. कंपनीचं ओळखपत्र मी अनेकदा विसरतो, ती नाही.