पहिलं घुसळण

आमच्या घरात म्हैस व्याली की खरवसाचे दिवस सरल्यावर जे पहिलं घुसळण होतं, त्याचं दूध चुलीवर चढवत नाहीत. ही सासरची रीत. देवाच्या आधी जाळाला द्यायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. कच्च्याच दुधाला विरजण लावायचं, घुसळायचं, लोण्याचा गोळा देवापुढं ठेवायचा आणि ताक अख्ख्या गल्लीत वाटायचं. एरवी वर्षभर आम्ही दूध तापवल्याबिगर मांजरालासुद्धा घालत नाही. पण पहिल्या घुसळणाला नाही म्हणजे नाही. मी मूळची सोनपेठकडची, माहेरी असलं काही नव्हतं. लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा एकदा विचारून बघितलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरी म्हशी होत्या का नुसत्या शेळ्या?" मग कशाला विचारतेय मी पुन्हा!

यंत्र आलं ते माझ्या नवऱ्यामुळं. परभणीला शेतीचं प्रदर्शन लागलं होतं. बियाणं बघायला गेलेला माणूस संध्याकाळी हे धूड काखोटीला मारून घरी. जाड काचेची मोठी बरणी, तिला लोखंडी झाकण, झाकणावर दातेरी चाकं आणि बाजूला हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की आत लाकडी पंखे गरगरा फिरतात आणि बघता बघता लोणी वर येतं. सासूबाईंनी चारी बाजूंनी बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ताक करायचंय का उसाचा रस काढायचाय?" मी मात्र खूश. रवीची दोरी ओढून ओढून खांदे भरून यायचे माझे, ज्यांचे येत नव्हते त्यांनी खुशाल नावं ठेवावीत.

सगळ्यात खूश झाली माझी लेक. पहिलीत जायची तेव्हा. रवी तिला पेलायची नाही, पण यंत्राचा दांडा पेलायचा. काचेतून लोण्याचे कण दिसायला लागले की ओरडायची, "आई, आलं आलं!" आणि घुसळून झालं की पंखे तिचे. त्यांना चिकटलेलं लोणी जिभेनं चाटून साफ करायचं, हा तिचा मान. कुणी आधी बोट लावलं तर घर डोक्यावर घ्यायची.

त्या साली दिवाळीनंतर म्हैस व्याली. पहिल्या घुसळणाच्या सकाळी लेकीचा पुढचा दात पडला होता. हिरडीतून रक्त येतंच होतं, तरी बाईसाहेब यंत्रापुढं मांडी घालून बसल्या. दांडा तिनं फिरवला, मी बरणी धरली. लोणी चांगलं निघालं. सासूबाईंनी गोळा देवापुढं ठेवला, मी तांबे भरभरून ताक गल्लीत पोचवलं, आणि लेकीनं पंखे चाटले. दोन्ही बाजूंनी. लोण्याला जरा तांबूस लागलं तेव्हा मी हसून म्हणाले, "अगं, दाताचं रक्त चाटायलीस की."

पुढं म्हैस बिघडली. आधी वैरण सोडली. मग तोंडातून लाळ गळायला लागली, आवाज घोगरा झाला, रात्रंदिवस हंबरायची, दावणीच्या खुंट्याला डोकं घासायची. शेजारी जमले. "घशात काहीतरी अडकलंय," असं सगळ्यांचं एकमत. माझ्या नवऱ्यानं बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. काही सापडलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले ते गोठ्याच्या दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच तिची लाळ, डोळे बघितले. मग विचारलं, "मागं कधी गावात कुत्रं पिसाळलं होतं का?"

पिसाळलं होतं. म्हैस व्यायच्या बरंच आधी. लोकांनी शिवारात नेऊन मारलं होतं त्याला. ते आमच्या गोठ्यात शिरलं होतं का, म्हशीला चावलं होतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तोंडात हात कुणी घातला?"

नवऱ्यानं हात मागं लपवला. पोरासारखा!

"दूध कसं पिता?"

"तापवूनच पितो की साहेब," नवरा म्हणाला. "कच्चं न्हाई पीत कुणी."

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. एरवी खणखणीत बोलणारी बाई, पण तेव्हा कसंबसं ऐकू आलं. "पयलं घुसळण कच्च्याचं होतं."

मला फक्त एक दिसत होतं. लाकडी पंखा, तांबूस लोणी, आणि दात नसलेल्या जागी फिरणारी जीभ.

म्हैस दुसऱ्या दिवशी मेली. खोल खड्डा करून पुरली. आणि गल्लीत बोंब झाली.

मिळेल त्या टमटमनं, जीपनं, मोटारसायकलवर अख्खी गल्ली परभणीच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीण बाई एकेकाला विचारायच्या, ताक तसंच पिलं का कढी केली? कढी केली असेल तर उकळलं, काळजी नको. झालं, रांगेतच दोन तट पडले. कढीवाले निवांत, ताकवाले रडवेले. समोरच्या घरची बाई, जिच्याशी माझं आधीच पटत नाही, ती मोठ्यानं म्हणाली, "आमी कढी केली म्हून वाचलो माय. ह्यांनी तर गल्ली मारायला काढली हुती." एरवी मी तिला सोडलं नसतं. पण त्या दिवशी मी रांगेत नुसती पुढं सरकले. बरोबरच बोलत होती की ती.

डॉक्टरीण बाईंनी मला समजावून सांगितलं. दुधातून हा रोग माणसाला होत नाही असंच म्हणायचं, त्यात विरजलेलं, आंबट झालेलं. शक्यता फार कमी. पण कच्चं होतं आणि पोरीच्या तोंडात जखम होती, म्हणून सगळ्या सुया द्यायच्या. "सुया वेळेवर घ्या आणि घाबरू नका," असं म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या. पण "फार कमी" म्हणजे किती कमी? माझी पोर त्या कमीत बसली तर? हे विचारायला तोंड उघडलं आणि भीतीनं परत मिटलं.

नवऱ्याच्या हाताला दोरीनं कापलेलं होतं, त्यालाही सुया. त्याची फिकीर केली नाही असं नाही, पण खरं सांगते, त्या दिवसांत मला नवरा दिसतच नव्हता. म्हाताऱ्या माणसांनी पूर्वी पिसाळलेला माणूस बघितलेला असतो. गावात ते बोलायला लागले. पाणी बघितलं की माणूस थरथरतो म्हणे. वारं सोसवत नाही. एकदा का ते सुरू झालं की मग इलाज नाही. ते सुरू व्हायला महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. हे सगळं मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, पण पारावर, गिरणीत, नळावर जिथं जावं तिथं तेच.

घरी येऊन मी पहिलं यंत्रावर धावले. उकळत्या पाण्यानं धुतलं, सोड्यानं घासलं, परत उकळतं पाणी ओतलं. काच कडकडली आणि बरणीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मग मात्र माझा तोल गेला. ती फुटकी बरणी मी अंगणात आपटली आणि सासूबाईंवर ओरडले, "घ्या! देवाला पयलं पायजे होतं ना! घ्या म्हणावं आता!" सासूबाई खाली बसून काचा वेचायला लागल्या. बोट कापलं तरी वेचत होत्या. मी हात धरून उठवलं तेव्हा म्हणाल्या, "माज्यावर येऊ दे गं. पोरीवरचं माज्यावर येऊ दे." आम्ही दोघी तिथंच अंगणात बसून रडलो. इतकी वर्षं एका घरात काढली, पण एकमेकींच्या गळ्यात पडून कधी रडलो नव्हतो.

तिथून पुढं मी पोरीला पाणी द्यायला लागले.

सकाळी उठली की पाणी. शाळेत जायच्या आधी पाणी. आली की दप्तर काढायच्या आत माझा हात पुढं, हातात तांब्या. "पी माय." ती पीत असताना मी तिच्या गळ्याकडं बघायचे. घोट खाली उतरला का. अडखळला का. डोळे कसे झाले. संध्याकाळी पंखा लावून बघायचे, वाऱ्यानं अंग चोरते का. थंडीत पंखा! नवरा म्हणायचा, "अगं, काय करायलीस? पोर कुडकुडायलीय." कुडकुडली की माझा जीव जायचा. मला घास जायचा नाही. ताट पुढं घेऊन बसायचे, ती पाणी प्यायली की कुठं जेवायचे.

पोरीला काही कळू दिलं नाही, असा आमचा समज. तिला सांगितलं होतं, म्हैस आजारी होऊन गेली आणि सुया ताकदीच्या आहेत. ती दंडावर सुई टोचून घ्यायची आणि वर मलाच म्हणायची, "दुखलं न्हाई." मला वाटायचं, बरं आहे बाई, लेकरू आहे, त्याला काय कळतंय.

सुया संपल्या. गल्लीत सगळं पूर्ववत झालं. समोरची बाई परत विरजण मागायला आली आणि विकतच्या दुधाचं का होईना, मीसुद्धा दिलं. फक्त आमच्या घरात तांब्या काही खाली ठेवला जाईना.

आणि मग एका दुपारी ती शाळेतून आली ती लालबुंद होऊन. अंग तापलेलं. मी तांब्या पुढं केला. तिनं तोंड फिरवलं.

"पी गं माय."

"नको."

"एक घोट पी. एकच."

"नको म्हनलं ना!" आणि तिनं तांब्याला हात मारला. पाणी माझ्या अंगावर सांडलं. ती मागं सरकली आणि भिंतीला टेकून थरथरायला लागली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सासूबाई सांगतात, मी गुरासारखी हंबरले म्हणून. नवरा शेतात होता, पोरीला कडेवर घेऊन मी अनवाणीच रस्त्यावर आले. शेजाऱ्याचा ऑटो होता, त्यानं काही न विचारता चालू केला. परभणीपर्यंत ती माझ्या मांडीवर होती, डोळे मिटून. मी पदरानं तिच्या तोंडावरचं वारं अडवत होते. मनातल्या मनात देवाला एवढंच म्हणत होते, माझं काहीही घे, हिला नको. आणि त्याच तोंडानं त्याला शिव्याही घालत होते.

त्याच डॉक्टरीण बाई होत्या. मी पाय धरले. "पाणी पीत न्हाई बाई, पाणी बघून थरथरायलीय." त्यांनी मला बाजूला सारलं, पोरीला टेबलावर बसवलं, आ कर म्हणाल्या आणि बॅटरी लावून आत बघितलं. मग गळ्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बघितलं. पोर विव्हळली.

"गाठी सुजल्यात घशात. टॉन्सिल. ताप चढलाय म्हणून थंडी वाजतेय. बाकी काही नाही, बाई. काहीही नाही."

माझा विश्वास बसेना. मी तशीच उभी. डॉक्टरीण बाईंनी मग पोरीलाच विचारलं, "पाणी का नाही पीत गं?"

"दुखायलंय गिळताना," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडं न बघता, हळूच, "रोज पिते मी. तहान न्हाई लागली तरी पिते. मी पिले न्हाई की आई जेवत न्हाई."

डॉक्टरीण बाईंनी बॅटरी बंद केली.

"कशामुळं जेवत नाही आई?" त्यांनी विचारलं.

"तिला वाटतंय मी म्हशीवानी मरीन."

सहा वर्षांची पोर. इतके दिवस माझ्या भीतीची राखण करत होती ती. मी तिचा गळा बघायचे आणि ती माझं तोंड. मी हुंदका दाबायला गेले, तर तो जास्तच मोठा आला. तसं तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि डॉक्टरीण बाईंच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास स्वतःच उचलला.

"नको माय," मी म्हणाले. "दुखतंय ना. नको पिऊ."

तिनं ऐकलं नाही. डोळे घट्ट मिटून एक घोट गिळला. गालावरून पाणी ओघळलं, ग्लासातलं का डोळ्यातलं, मला कळलं नाही. मग मला दिसावं म्हणून तिनं तोंड उघडून दाखवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बघ, पिले. आता घरी जाऊन जेव."