गाठीचा हरभरा

आमच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची ती ज्वारीच्या पातळ आंबिलीसाठी. डोणगावजवळच्या वावरात हरभरा यायचा वीतभर, पिवळा पडलेला. बाप म्हणे, जमीन थकली. जमीन धडधाकट होती. थकली होती ती गावाची अक्कल.

सारं गाव बियाणं पाटलाकडून नेई. आणि पाटील काय करी? पीक फुलावर आलं की मुळाजवळची माती उकरायला माणसं लावी. मुळाला गाठी दिसल्या की तो रोग, झाड उपटून बांधावर. त्याच्या बापानंही हेच केलं. जी झाडं त्या गाठींमुळे पोटभर खात होती ती फेकली, उपाशी राहिली त्यांचं बी ठेवलं, आणि वर ‘स्वच्छ मुळाचं बियाणं’ म्हणून मिशीला पीळ.

घरातला पहिला पदवीधर मी. नागपूरच्या कॉलेजात माझ्या ‘मले-तुले’ला हसणाऱ्यांना गाठीतल्या जंतूंची लांबलचक नावं पाठ होती, पण खुरपं कसं धरतात ते ठाऊक नव्हतं. माझ्या कामाचं तेवढं मी उचललं: गाठ आतून लाल असली की झाड हवेतून खत घेतं, आणि हा गुण बियातून पुढे जातो.

परत आलो आणि आमच्याच वावरात उरलीसुरली गाठी भरलेली झाडं शोधून त्यांना चिंध्या बांधल्या. पाटील धुऱ्यावर, आमच्या बांधावर, चार माणसं घेऊन आला.

“काऊन बे, झाडाले नवस बोलून राह्यला का? नागपूरले हेच शिकवते?”

मी एक गाठ नखानं फोडून त्याच्यापुढे धरली.

“रगत आहे पाह्य. रोगच,” तो म्हणाला. अशा माणसाशी काय बोलावं! मग त्यानं बापाला बजावलं की ही झाडं आजच उपटली नाहीत, तर पुढच्या साली बियाणं मिळणार नाही. माझं बी फसलं असतं तर पेरायलाच काही उरलं नसतं.

बाप खाली बसला, चिंधीच्या झाडाचा हिरवागार पाला चोळून पाहिला.

“राहू द्या मालक. पोराचं मले समजत नाही, पन झाड समजते.”

पुढची काही सालं मी एकेका झाडाचं बी वेगळ्या तासात, वेगळ्या ओळीत पेरलं. ज्या तासात गाठी कमी, ते बी भरडून खाल्लं, बाकीचं राखलं. पाटील अजून मुळं उकरतो.

आता आमचा हरभरा गुडघ्याला लागतो, घाटे भरून येतो. बियाणं आमचं स्वतःचं आहे, आणि गाव ते आमच्याकडून नेतं.