उकंडरावांनी पारखलेली गाडी

देऊळघाटच्या उकंडरावांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून आजीनं त्याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे खताच्या ढिगावर लोळवून आणलं आणि तेच नाव ठेवलं. पोरगं जगलं, आणि असं जगलं की पुढं पन्नास वर्षं आसपासच्या गावांत त्याला विचारल्याशिवाय कोणी बैल घेतला नाही.

दात मोजणं, खूर ठोकून पाहणं, भोवरे पाहणं हे सगळेच करतात. उकंडराव बाजारात उभा केलेला बैल पाहायचेच नाहीत. तांबडं फुटायच्या आत ते मालकाच्या गोठ्यावर जायचे. बैल बसलेला असायचा, आणि तो उठतो कसा, तेवढंच ते पाहायचे. "उभा बैल खोटं बोलते," ते म्हणायचे, "उठता बैल नाई बोलत." सौदा ठरला की पिशवीतून आपलं नवं दावं काढायचे. बैल विकावा, दावं विकू नये, ते मालकाच्या गोठ्यातच राहिलं पाहिजे. घेणाऱ्यानं आपली दोरी आपण न्यायची. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

आता घरोघरी ट्रॅक्टर आले. पारख अंगात होती तशीच राहिली, तिला काम तेवढं उरलं नाही.

काम निघालं ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. सत्यभामाबाईंची मोठी बहीण महामाया बीबी गावात दिलेली. दिवाळीपासून ती अंथरुणाला खिळली होती. रोज फोनवर एकच विचारायची, "सत्ये, कधी येतं वं?" सत्यभामाबाईंना एसटीची पायरी चढवत नव्हती. एकदा शेजारच्या भागवतच्या बुटक्या गाडीत त्या कशाबशा बसल्या, पण उतरताना दोन माणसांनी ओढून काढावं लागलं, तेही चारचौघांत. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचं नाव टाकलं. फोन ठेवला की मात्र ओट्यावर जाऊन रस्त्याकडे पाहत बसायच्या.

त्यांचा मुलगा हर्षल बुलढाण्यात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं फोनवर शोधून शोधून खामगावची एक सहा वर्षं वापरलेली गाडी काढली. जीपइतकी धिप्पाड नाही, भागवतच्या गाडीइतकी बुटकी नाही, जरा उंच अंगाची. बाप म्हणाला, "मी पाह्यल्याबिगर घेयाची नाई."

जायच्या दिवशी सत्यभामाबाई सकाळीच जांभळी साडी नेसून ओट्यावर बसल्या. "मीबी येतो," त्या म्हणाल्या.

"बैलबाजारात बाया नेते का कोणी? तुले काय समजते त्यातलं?" उकंडराव म्हणाले.

त्या उठून आत गेल्या. हर्षल एवढा शिकलेला, पण आईला सोबत घ्यावं असं त्यालाही सुचलं नाही. जिच्यासाठी चप्पल घ्यायची तिचा पाय घरी ठेवून बापलेक दुकानाला निघाले, आणि दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही!

गाडी शालिग्रामसरांची होती. निवृत्त शिक्षक, स्वभावानं सरळ. अंगणात पांढरी गाडी धुऊनपुसून उभी. हर्षल रंग पाहू लागला, टायर पाहू लागला. उकंडरावांनी बॉनेटवर तळहात टेकवला आणि लगेच काढला.

"हे तं आधीच उठेल हाय," ते म्हणाले. "थंडी होऊ द्या, मंग पाहू."

"तुमी येणार म्हनून टायरात हवा भरून आणली सकाळी," सर ओशाळून म्हणाले.

हर्षलनं बापाला बाजूला घेतलं. "बाबा, चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. अन् हा काई बैल नाई."

"येऊ दे," म्हणून उकंडरावांनी अंगणातल्या बाजेवर बैठक मारली.

तीन तास गेले. सरांच्या पत्नी पुष्पाबाईंनी आधी चहा दिला, मग पाहुणे हलत नाहीत असं पाहून पिठलं-भाकरी वाढली. हर्षल सारखा घड्याळ पाहत होता. शेवटी उकंडरावांनी बॉनेटला पुन्हा हात लावून पाहिलं आणि गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसले. सरांनी चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. अंग थरथरलं नाही, धुराची एक बारीक रेघ आली आणि विरली.

"चांगली उठली," उकंडराव म्हणाले. हर्षलचा जीव भांड्यात पडला.

इसाराचे पैसे द्यायला त्यांनी पिशवीत हात घातला. तेवढ्यात सवयीनं त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि पुढचं डावं दार उघडलं. सगळी गाडी नव्यासारखी, पण या दारावर हात धरायची जी मूठ होती, ती झिजून गुळगुळीत झाली होती. सीटची कडही विरली होती.

"इथं कोन बसे?"

"माय," सर म्हणाले. "दर आठवड्याले दवाखान्यात न्यायचो. धरून धरून झिजली थे. मागच्या साली गेली. आता गाडी नुसती उभी राह्यते, पाहवत नाई." त्यांनी डिक्की उघडून एक लहानसा पाट दाखवला. "यावर पाय देऊन चढे."

उकंडराव ती मूठ धरून उभेच राहिले. त्यांना सकाळची जांभळी साडी आठवली आणि मनातून फार लाज वाटली. लोकांचे बैल कसे उठतात ते जन्मभर पाहिलं. घरातलं माणूस जमिनीवरून कसं उठतं, ते मात्र कधी वळून पाहिलं नाही.

"सर, जुंपल्याबिगर इसार देत नाई मी," ते म्हणाले. "गाडी देऊळघाटले न्या लागते. जिले बसाचं हाय, थे घरी हाय."

"अन् चारचं गिऱ्हाईक?" हर्षल जवळजवळ ओरडलाच.

सर क्षणभर त्या पाटाकडे पाहत राहिले. "त्याले उद्या ये म्हनतो," ते म्हणाले. "चाला."

बोथ्याचा घाट गाडी विनातक्रार चढली. एरवी उकंडरावांनी त्यावर तासभर भाषण दिलं असतं, पण ते मागं बसून पुढच्या दाराच्या मुठीकडेच पाहत होते.

घरी सत्यभामाबाई जुनी साडी नेसून तूर निवडत बसल्या होत्या. सून संजीवनीनं हाक मारली तर जागेवरूनच म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं?"

"चुकलंच माह्यं," उकंडराव दारातून म्हणाले. "ये."

हे शब्द त्या घरानं पहिल्यांदाच ऐकले. त्या बाहेर आल्या. मूठ धरून पाय उचलला, पण गुडघा वळेना. पुन्हा उचलला. "राहू द्या," त्यांचा चेहरा पडला, "नाई जमत मले." सरांनी डिक्कीतला पाट आणून खाली ठेवला. त्यावर एक पाय, मग दुसरा आत, आणि सत्यभामाबाई बसल्या. काचेतून समोर पाहत राहिल्या. मग आपल्या आपण उतरल्या, पुन्हा चढल्या. कोणाचा हात लागला नाही.

"ताई वाट पाहून राह्यली असन," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. इसार तिथंच दिला गेला.

आठ दिवसांनी कागदपत्रं झाली आणि सर गाडी पोचवायला आले. चावी घेतल्यावर उकंडरावांनी डिक्की उघडली, पाट काढला आणि सरांच्या हातात दिला.

"राहू द्या, कामी येईल," सर म्हणाले.

"नाई सर. दावं मालकाजवळच राह्यते. मायचा पाट हाय, घरी न्या."

सरांनी पाट छातीशी धरला.

"मंग आई चढन कशी?" हर्षल म्हणाला.

उकंडराव आत गेले आणि स्वतःचा पाट घेऊन आले. सागवानी, पितळी खिळ्यांचा, चाळीस वर्षं ते ज्यावर बसून जेवले तो. त्यावर पाहुण्यालाही बसायची सोय नव्हती. त्यांनी तो डाव्या दाराशी मांडला, डुगडुगत नाही ना ते दाबून पाहिलं. जांभळ्या साडीतल्या सत्यभामाबाईंनी पुढं टाकलेला पाय मागं घेतला.

"अवो, तुमचा जेवायचा पाट हाय. त्याले पाय लावू का?"

"लाव," उकंडराव वाकलेलेच होते. "आपलं दावं आपणच न्या लागते."

सत्यभामाबाईंनी आधी हात लावून पाटाला नमस्कार केला, मग त्यावर पाय दिला, आणि बसल्यावर म्हणाल्या, "बीबीले चाला." उकंडरावांनी पाट उचलून डिक्कीत ठेवला.

तेव्हापासून ते जेवायला जमिनीवर बसतात. कोणी विचारलं तर सांगतात, पाट गाडीत आहे.