देवीच्या उजवीकडे

देवीशी मी एकदा कडाकडा भांडले आहे. हे सांगितलं की आमच्याकडच्या बाया अजून पदर तोंडाला लावतात, पण खोटं कशाला बोलू? मला कधी दर्शन झालं नाही, स्वप्नात कुणी आलं नाही, आणि जे मागितलं ते मिळालंही नाही. तरी आज सत्तरीला टेकताना आमच्या ग्रामदेवी सातेरीपुढे उभी राहिले की हात आपोआप जोडले जातात. ते का, एवढंच इथे लिहिते.

तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. त्या पावसाळ्यात सरहद्दीवर गोळ्या चालल्या, पोर्तुगीज शिपाई घराघरांतून पुरुषांना धरून नेऊ लागले, आणि पेडण्याकडची माणसं रान तुडवत आमच्या मुलखात येऊ लागली. सावंतवाडी-कुडाळकडच्या शाळा या माणसांनी भरून गेल्या तेव्हा काही कुटुंबांना ट्रकने कट्टा गावापर्यंत आणून सोडलं. तिथून ती भिजत, चालत आमच्या किनाऱ्याच्या गावात पोचली. सातेरीच्या देवळाला लागून धर्मशाळा होती, तिथे त्यांना उतरवलं. गावाने सुरुवातीला हात आखडता घेतला नाही. कुणी आडोशाला माडाची झापं दिली, कुणी गोधड्या दिल्या, घरटी तांदूळ गोळा करून त्यांची पेज शिजू लागली. पण त्या दिवसांत आमचीच मडकी तळाला गेलेली असायची, शेतातलं भात अजून हिरवं. मालवणहून सरकारी तांदूळ यायचा होता, तोवर ओहोळाला पूर आला आणि त्यावरचा लाकडी साकव वाहून गेला. पेज पातळ होत होत नुसतं पाणी उरलं. पोरांना हगवण लागली. एक म्हातारा तर बसल्या जागी गेला, आणि त्याला नेताना रडायलाही कुणाच्या अंगात त्राण नव्हतं.

खरं सांगायचं तर माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन आमचे हे होडी घेऊन गेले आणि पाठोपाठ वादळ उठलं. गावच्या बाकीच्या होड्या मिळेल त्या बंदराला लागल्या, माणसं चालत घरी आली. यांचा पत्ता नव्हता. मी नि सासूबाई, दोघीच घरात. किनाऱ्याच्या पुळणीवर जाऊन उभं राहायचं, परत यायचं, चूल पेटवायची, पुन्हा जायचं. एकमेकींशी बोलायचीही भीती वाटायची.

आमच्या घरात एक रीत होती. होडी दर्यात लोटली की घरच्या सुनेने तांदळाचा एक मुडा देवीच्या नावाने बांधून ठेवायचा. मुडा म्हणजे पेंढ्यात तांदूळ भरून, वर सुंभाने आवळून केलेला मोठा गठ्ठा. त्याला हळद-कुंकू लावायचं आणि म्हणायचं, आई, घरधनी सुखरूप येऊ दे, मग हा मुडा तुझ्या अंगणात सोडीन, गावाला जेवू घालीन. धनी येईपर्यंत त्या मुड्याला कुणी हात लावायचा नाही. तो आधी सोडला म्हणजे धन्याची आशा सोडली, असं मानत. त्या वर्षी गावात न उघडलेला तांदूळ होता तो तेवढाच, आमच्या माळ्यावर.

धर्मशाळेतली शेवंती आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. माझ्याच वयाची. कमरेवर एक मुलगी, तिचे पाय नुसते काटकुळे. एकदा मी तिच्या नवऱ्याचं विचारलं, "तुजो घोव खंय गो?"

"धरून व्हेलो," ती म्हणाली. "जितो आसा काय ना, देव जाणा."

 ती कळशी घेऊन गेली, पण मुलीची मान तिच्या खांद्यावर कशी लटकत होती ते काही डोळ्यांपुढून जाईना. घरात आले तरी नजर माळ्याकडे जायची. शेवटी मनाचा हिय्या केला, सासूबाईंच्या कानावर घातलं आणि देवळात जाऊन गुरवकाकांना म्हटलं, "मुड्याचो कौल लावा."

कौल म्हणजे देवीला विचारणं. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे सगळं पुरुषांचं काम. आम्ही बायका मागे खांबाजवळ उभ्या राहून नुसतं ऐकायच्या. त्या दिवशी देवळात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी थेट उंबऱ्याशी उभी राहिले.

काकांनी पाकळ्या लावल्या आणि सूर लावला, "हे आई सातेरी, ह्या लेकरान तुज्या नावान मुडो बांदलेलो आसा. तो सोडून ह्या परमुलखाच्या माणसांच्या पोटात घालूचो आसात तर उजवो दी. घोवासाठी राखूचो आसात तर डावो दी. होय म्हाराजा!" एवढ्यात धर्मशाळेतून आरडाओरडा झाला. शेवंतीच्या मुलीने डोळे फिरवले होते. काका तीर्थाचं भांडं घेऊन धावले. जाता जाता म्हणाले, "तू नजर ठेव गो!"

मी नजर ठेवली. पापणी हलवली नाही. आणि पाकळी सुटली ती डावीकडची.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मुडा राख म्हणाली म्हणजे हे येणार! पण त्याच वेळी शेवंतीचा हंबरडा कानांवर आला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उंबऱ्यावरून बोट नाचवत देवीला म्हटलं, "बायमाणूस ना गो तू? ह्या पोरांका मारून माका घोव दितलंस? नको माका तसलो घोव! काय करूचा ता कर!" असं तोंडातून निघून गेलं.  तशीच मागे वळले आणि घर गाठलं.

सासूबाई चुलीपुढे होत्या. "काय दिल्यान?" त्यांनी विचारलं.

"डावो."

"मगे?"

"मगे काय? पोरां मरतत थंय. मी मुडो सोडतंय."

त्यांचा तो एकुलता एक मुलगा. मला वाटलं आता ही बाई माझ्या झिंज्या धरणार. त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली. मग उठल्या, कोयता घेतला आणि म्हणाल्या, "एकट्यान उतरूचो नाय तुका. एका टोकाक मी धरतंय." सुंभ त्यांनीच तोडलं. तोडताना त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते मी कधी विचारलं नाही. धर्मशाळेपुढे चूल मांडून आम्ही दाट पेज केली, घरचा मोठा टोप भरभरून वाढली. लोक टोपाभोवती नुसते बसून राहिले होते, हात पुढे करायलाही लाजत होते. साकव पुन्हा होईपर्यंत त्या मुड्यावर सगळ्यांनी तग धरला. शेवंतीच्या मुलीने मात्र पेजेचं बोट चाटलं तेवढंच. संध्याकाळी ती गेली.

आणि मग यांची बातमी आली. वेंगुर्ल्याच्या बाजूला होडीची फळी लागली होती, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर हे. गावचे लोक जाऊन तिथेच अग्नी देऊन आले. मला तोंडही बघायला मिळालं नाही. मी घरापुढच्या खळ्यात लोळून एकच घोकत होते, "देवीन डावो दिलेल्यान, मी आयकूक नाय! मीच मारलंय त्यांका!" सासूबाई माझं तोंड दाबू लागल्या, पण मी कुणाला आवरेना.

गुरवकाका खळ्याच्या कडेला उभे होते. ते पुढे आले आणि विचारलं, "डावो म्हणजे खंयच्या बाजून पडलो?"

मी डावा हात उचलून दाखवला.

काका माझ्यापुढे खाली बसले. "अगो येडे," ते म्हणाले, "देवी आपल्याकडे तोंड करून बसलीहा. तुजो डावो तो तिचो उजवो. तिना होय म्हटलेल्यान गो! तुका कोणी सांगूकच नाय काय?"

कोण सांगणार? खांबामागे उभं राहून उजवं-डावं कुणाला दिसतं? जिच्यावर मी तोंड टाकलं, तिचंच काम मी करत होते, आणि तिच्यावर रागावून करत होते. मी रडायची थांबले नाही. पण मीच मारलं, हे माझ्या छातीवरून उतरलं, आणि ते उतरलं नसतं तर मी विहीर जवळ केली असती.

पुढे कितीतरी वर्षं मी विचार केला, होय म्हणाली तर मग यांना आणलं का नाही? आता वाटतं, मी तांदळाचं विचारलं होतं. यांचं विचारायची मला छातीच झाली नव्हती. आणि कौल नीट कळला असता तर मी मुडा दिला असता, पण यांच्या बदल्यात दिला असता. मग जन्मभर देवीशी हिशेब घालत बसले असते. मी यांची आशा सोडूनच मुडा उघडला होता. सोडणं म्हणजे काय ते तिने मला माझ्याच तोंडाने बोलायला लावून शिकवलं. तिचे उपकार मी फेडू शकत नाही.

सुतकात आमच्या घरची चूल विझलेली होती. अशा घरी शेजारपाजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं. पहिली आली ती शेवंती. सरकारी तांदूळ येऊन पोचला होता, त्याची पेज तिने आमच्याच टोपातून आणली होती. "खा गो," ती म्हणाली. मी मान फिरवली. तेव्हा तिने माझी हनुवटी धरली, पोराला भरवतात तसा घोट ओठांना लावला, आणि तिचे डोळे वाहायला लागले. मी प्यायले. सासूबाईही प्यायल्या.

आता होडी नाही, दर्यात जाणारं कुणी नाही. तरी दर नारळी पौर्णिमेला मी मुडा बांधते, हळद-कुंकू लावते. शेजारची सून हसते, म्हणते, कोणासाठी गो आजी? मी सांगते, येईल त्याच्यासाठी.