सुजातावहिनीचं तेल

फोन आला तेव्हा मी खारघरच्या घरी गहू निवडत होते. "सुजाता गेली गं," दादा म्हणाला. मला रडूही आलं नाही. माझ्या वहिनीच्या लांबलेल्या आजारपणानं आम्ही सगळेच इतके दमलो होतो, की मी ताट बाजूला सारून नुसती बसून राहिले.

वहिनी रसायनशास्त्रातली. रिफायनरीतली चांगली नोकरी सोडून तिनं तळवलीला शेड घेतली, तेव्हा दादा चांगलाच वैतागला होता. बंद भट्टीत टाकाऊ प्लास्टिक वितळवायचं, कॅटलिस्टची पूड घालून त्यातल्या लांब साखळ्या तोडायच्या, वाफ गार करून तेल काढायचं. आणि ते रिफायनरीनं आपल्या जड तेलात मिसळून पुन्हा कामी आणायचं, हा तिचा हट्ट. अडचण एकच, कचऱ्यात मिसळून येणारं पीव्हीसी. त्यातला क्लोरीन तेलात उतरला तर रिफायनरीचे पाइप खाऊन टाकतो. त्यापायी रिफायनरीकडं तपासायला पाठवलेला तेलाचा नमुना दोनदा परत आला होता. जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीत तर हिला बघून लोक कचऱ्याचा डबा लपवायचे! आजारपणात गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर साठली, तेव्हा मला म्हणाली, "बघ, पीव्हीसीच सगळं. माझं औषधसुद्धा माझ्या भट्टीला चालत नाही."

तिसरा नमुना गेला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. दादा दिसला की एकच प्रश्न, "अरे, रिपोर्टचं काय झालं?" रिपोर्ट आला, तोही नापास. दादानं ते मला दाराबाहेर सांगितलं, डोळे पुसले आणि आत जाऊन म्हणाला, "पास झालं. टँकर मागवलाय त्यांनी. आता टेन्शन घेऊ नकोस." वहिनी इतकं छान हसली... मला दादाचा भयंकर राग आला. पण भांडायचं त्राण कुणात होतं? त्याच आठवड्यात ती गेली.

मागच्या रविवारी मी तळवलीला गेले. शेड विकायची म्हणून दादानं आवराआवरीला बोलावलं असेल, असं वाटलं होतं. तो आत बर्नरसमोर स्टुलावर बसला होता. तांब्याची तार तापवायची, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की समजायचं पीव्हीसी. तो माल बाहेर. शेडमध्ये प्लास्टिक निवडायला येणाऱ्या बायकांनी शिकवलं म्हणे. जन्मभर बँकेत बसलेल्या माणसानं बोटं पोळून घेतली होती.

"दादा, किती दमलायस. सोड ना आता."

"दमलोय गं," तार पुन्हा ज्योतीत धरत तो म्हणाला, "पण पास झालं म्हणून सांगून बसलोय ना तिला."